जगातला सर्वात मोठा स्नायपर कोण? : एका प्रश्नातून घडलेला इतिहासाचा तास



मागच्या सत्रातली गोष्ट. मधली सुट्टी संपून मी आठवीच्या वर्गात शिरलो तर मागच्या बाकांवर जोरात वाद चालू होता. मला वाटलं क्रिकेट असेल. पण विषय निघाला भलताच. "सर, तुम्हीच सांगा, जगातला सर्वात मोठा स्नायपर कोण? हा म्हणतो फिनलंडचा, मी म्हणतो अमेरिकेचा."

हे कुठून येतं ते तुम्हाला माहीत आहेच. मोबाईलवरचे गेम. लपून बसायचं, दुर्बिणीतून नेम धरायचा, गोळी झाडायची, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा एकाने वाढतो. अशा वेळी आपण सहसा "पुस्तक काढा" म्हणून विषय मिटवतो. माझ्याही तोंडात तेच आलं होतं. पण मुलं ज्या प्रश्नावर स्वतःहून भांडतात, तो प्रश्न सोडून देणं जिवावर आलं. म्हणून तो तास मी त्यांच्या वादाला दिला. तो कसा झाला आणि त्यातून काय हाती लागलं, ते इथे मांडतो. तुमच्या वर्गात किंवा घरी हा प्रश्न आला तर उपयोग होईल.

आधी शब्द समजून घेऊ

स्नायपर म्हणजे लपून, दुरून, एकेका लक्ष्यावर नेम धरून गोळी झाडणारा प्रशिक्षित सैनिक. नेमबाजी हा त्याच्या कामाचा एक भाग. तासन्‌तास न हलता पडून राहणं, शत्रूच्या हालचाली टिपणं आणि त्याची खबर मागे पोहोचवणं हा त्याहून मोठा भाग.

मुलांना सर्वात जास्त गंमत वाटली ती या शब्दाच्या जन्माची. हा शब्द भारतात जन्मला! इंग्रजीत 'स्नाइप' नावाचा एक पाणथळ जागेतला पक्षी आहे, मराठीत त्याला पाणलावा म्हणतात. चिखलाच्या रंगात तो असा मिसळून जातो की पायाशी येईपर्यंत दिसत नाही, आणि उडाला की नागमोडी वळणं घेत जातो. त्याला टिपणं फार अवघड. १७७० च्या दशकात भारतातले इंग्रज अधिकारी या पक्ष्याच्या शिकारीला जात आणि घरच्या पत्रांत तसं लिहीत. त्या शिकारीच्या शब्दावरून पुढे लपून नेम साधणाऱ्या सैनिकाला 'स्नायपर' हे नाव पडलं. पाणलावा हिवाळी पाहुणा आहे. थंडीत आपल्या उरण-पनवेलकडच्या पाणथळ जागी नीट पाहिलं तर तो आजही दिसू शकतो.

दावेदार कोण कोण?

मुलांनी नावं सांगितली, मी फळ्यावर लिहीत गेलो. काही मी भर घातली.

१) सिमो हायहा (फिनलंड). ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला. १०५ दिवस चाललेल्या त्या हिवाळी युद्धात या शेतकऱ्याच्या मुलाच्या नावावर सुमारे ५०० बळी सांगितले जातात. विशेष म्हणजे त्याच्या बंदुकीला दुर्बीण नव्हती. दुर्बिणीची काच उन्हात चमकते आणि डोकं वर काढावं लागतं, म्हणून तो साधी माशीच वापरायचा.

२) फ्रान्सिस पेगामागाबो (कॅनडा). पहिल्या महायुद्धातला मूलनिवासी ओजिब्वे समाजाचा सैनिक. नावावर ३७८ बळी. युद्धाहून परतल्यावर मात्र आपल्याच समाजाच्या हक्कांसाठी त्याला सरकारी अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

३) ल्युडमिला पावलिचेंको (सोव्हिएत संघ). इतिहासाची विद्यार्थिनी. नावावर ३०९ बळी. १९४२ मध्ये ती अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली तेव्हा तिथल्या पत्रकारांनी तिला मेकअपबद्दल आणि गणवेशाच्या स्कर्टच्या लांबीबद्दल प्रश्न विचारले!

४) वासिली झायत्सेव (सोव्हिएत संघ). स्टालिनग्राडच्या लढाईत २२५ बळी. त्याच्यावर सिनेमाही निघाला.

५) कार्लोस हॅथकॉक (अमेरिका). व्हिएतनाम युद्ध, ९३ नोंदवलेले बळी.

६) ख्रिस काइल (अमेरिका). इराक युद्ध, १६० नोंदवलेले बळी.

यादी झाल्यावर वर्गाने एकसुरात निकाल दिला. "झालं सर! पाचशेवाला पहिला."

आकडे मोजले कोणी?

इथे मी मुलांना पुस्तकातला पहिलाच पाठ उघडायला लावला, 'इतिहासाची साधने'. जो पाठ आपण जूनमध्ये घाईघाईने उरकतो तोच. आणि विचारलं, हे आकडे कोणत्या साधनातून आले?

हॅथकॉकच्या वेळी अमेरिकी सैन्याचा नियम कडक होता. स्नायपरने स्वतः सांगून चालत नसे, जोडीदाराची साक्षही पुरत नसे. तिसऱ्या माणसाने खात्री केली तरच नोंद होई. म्हणून त्याचा ९३ हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असणार, असं मानलं जातं. उलट दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारला लोकांचं धैर्य टिकवायला नायक हवे होते. वर्तमानपत्रं रोज आकडे छापत होती. झायत्सेवची एका जर्मन मेजर स्नायपरशी झालेली झुंज जगप्रसिद्ध आहे. पण त्या मेजरची जर्मन कागदपत्रांत नोंद सापडत नाही, म्हणून अनेक इतिहासकार त्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत.

म्हणजे दोन आकडे शेजारी लिहिले म्हणून त्यांची तुलना होत नाही. एका शाळेत सोपा पेपर आणि सढळ हात, दुसऱ्या शाळेत अवघड पेपर आणि कडक तपासणी. मग नुसते टक्के बघून कोण हुशार ते ठरेल का? हे उदाहरण दिल्यावर मुलांना मुद्दा लगेच कळला. मार्कांवरून होणारा अन्याय त्यांच्या ओळखीचा असतो!

मग एकजण म्हणाला, "सर, बळी नको, अंतर मोजू." ठीक आहे. २०१७ मध्ये इराकमध्ये एका कॅनेडियन स्नायपरने ३,५४० मीटरवरून लक्ष्य टिपल्याचं कॅनडाच्या सैन्याने जाहीर केलं. आपल्या वाशीच्या खाडीपुलाची लांबी साधारण १.८ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ दोन पूल एकापुढे एक ठेवल्याएवढं अंतर! गोळीला तिथवर पोहोचायला दहाएक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचतं, वारा बाजूला ढकलतो. तेव्हा नेम लक्ष्याच्या कितीतरी वर धरावा लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर उचलावं.

पण पुन्हा तोच पेच. आजची बंदूक, आजची दुर्बीण, हवामान मोजणारी यंत्रं आणि सोबतीला गणित करणारा जोडीदार. हायहाकडे यातलं काय होतं? उणे चाळीस अंशांपर्यंत जाणारी थंडी, आणि श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात धरलेला बर्फ.

फळ्यावर आता तीन रकाने झाले होते: किती, किती लांबून, कोणत्या परिस्थितीत. प्रत्येक रकान्यात पहिला नंबर वेगळा. "मग उत्तर काय?" मुलं विचारू लागली. मी म्हटलं, "आधी 'मोठा' म्हणजे काय ते ठरवा, मग उत्तर आपोआप निघेल." इथे माझ्या मते तास संपला होता.

एका मुलीचा प्रश्न

पण संपला नाही. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, जी एरवी वर्गात फारशी बोलत नाही, तिने हात वर केला. म्हणाली, "सर, माझे मामा फौजेत आहेत. तिकडच्या कुणाच्या यादीत ते पण एक आकडा झाले तर?"

वर्ग गप्प झाला. खरं सांगतो, मीही गप्प झालो. अर्धा तास मी आकड्यांची शहानिशा करत होतो, पण त्या आकड्यातला एकेक म्हणजे एकेक माणूस, हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. मोबाईलच्या गेममध्ये आणि माझ्या फळ्यात त्या क्षणी फारसा फरक नव्हता.

मी त्या दिवशी इतकंच म्हणालो, "याचं उत्तर उद्या देतो." रात्री विचार करताना आठवला माणगावचा पुतळा.

बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला

गणपतीला गावी जाताना पनवेल, पेण, वडखळ, कोलाड, इंदापूर करत आपण माणगावला पोहोचतो, आणि बहुतेकदा तिथे वाहतुकीत अडकतो. त्याच माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा तरुण दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढत होता.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले, उरले एकटे घाडगे. ते थेट मशीनगनच्या दिशेने धावले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली. काडतुसं बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी भिडले आणि ते ठाणं एकट्याने जिंकलं. आणि तिथेच शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय अवघं बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं आणि विचारलं, "ज्यांनी ती गोळी झाडली, त्यांच्या हिशोबात घाडगे काय असतील?" उत्तर आलं, अगदी हळू आवाजात, "एक."

तो 'एक' म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या एका घरचा मुलगा होता. आपल्या मुलांच्या ओळखीच्या रस्त्यावर त्याचा पुतळा आहे. गोळी झाडणाऱ्यांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. पानिपतातही तसंच. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली आणि लढाईचं पारडं फिरलं. मराठी माणसाच्या जिभेवर अडीचशे वर्षं नाव राहिलं ते विश्वासरावांचं, गोळी झाडणाऱ्याचं नाही.

याचा अर्थ स्नायपर वाईट असा नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं. हायहा आपला देश वाचवायला लढत होता. आपल्याही सैन्यात स्नायपर आहेत, आणि सीमेवर त्यांच्या जागरूकतेमुळे आपले जवान सुरक्षित राहतात. सांगायचं एवढंच की सैनिकाचं ते कर्तव्य असतं, धावसंख्या नसते. म्हातारपणी हायहाला त्याच्या कौशल्याचं रहस्य विचारलं तेव्हा त्याने आकडा सांगितला नाही. एकच शब्द सांगितला: सराव.

नेम हवा, बळी नको

"मग सर, नेमबाजी आवडणं चूक आहे का?" हा प्रश्न येतोच. अजिबात नाही. आणि उत्तर आपल्या दारातच आहे. पनवेलला सुमा शिरूर यांची 'लक्ष्य' ही नेमबाजी अकादमी आहे. २००४ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी १० मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. या प्रकारात मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. वहीवर पेनाने पूर्णविराम द्या, आणि दहा मीटर लांब जाऊन तो बघा!

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. इथेही श्वास रोखणं, मन स्थिर ठेवणं, तासन्‌तास सराव, सगळं तेच. फरक एवढाच की समोर कागद असतो.

वर्गात किंवा घरी हे करून पहा

१) मुलांना कोणताही 'सर्वात मोठा कोण' हा वाद निवडू द्या. गायक, फलंदाज, राजा, काहीही. आधी मोजायचे निकष लिहायला सांगा, मग नावं.

२) प्रत्येक आकड्यापुढे लिहायला लावा: हा कोणी मोजला? त्याला तो फुगवण्यात किंवा लपवण्यात काही फायदा होता का?

३) आपल्या गावातल्या किंवा जवळच्या एका पुतळ्याची, स्मारकाची माहिती मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारून आणावी.

४) पालकांनो, मूल गेम खेळत असेल तर ओरडण्याआधी पाच मिनिटं शेजारी बसा. "हा ज्याला तू मारलास, तो कोण होता?" एवढंच विचारा. पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

आमच्या वर्गात शेवटी मतदान झालं. हायहाला सर्वात जास्त मतं पडली, पेगामागाबोला त्याखालोखाल. तीन मुलांनी मात्र कुणालाच मत दिलं नाही. त्यात ती खिडकीजवळची मुलगीही होती. मी तिन्ही कोऱ्या चिठ्ठ्या ग्राह्य धरल्या.

जाता जाता एक. इटलीतल्या मोंतोने या गावी २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ एक स्मारक उभारलं गेलं. ते आहे एक छायाघड्याळ, म्हणजे उन्हाच्या सावलीवर वेळ सांगणारं घड्याळ. त्याचं बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे. अर्थ असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. पुढच्या गणपतीला माणगावात गाडी अडकली, की मुलांना ही गोष्ट सांगा. वेळही जाईल.

तुमच्या वर्गात हा वाद कसा रंगला ते नक्की कळवा.