अ‍ॅडॅप्टिव्ह इक्वलायझर लावताना: टॅप, डिले आणि म्यू कसे ठरवायचे?

जुन्या दूरदर्शनच्या काळात छतावरचा अँटेना जरा हलला की पडद्यावर माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसायची. घरातलं कुणीतरी वर जाऊन अँटेना फिरवायचं आणि खालून ओरडून सांगायचं, "आता बरं दिसतंय!" ती सावली म्हणजे सिग्नलचा प्रतिध्वनी. एक लाट थेट आली, दुसरी कुठल्यातरी भिंतीवर आपटून उशिरा आली. पडद्यावरची एक रेघ साधारण ५२ मायक्रोसेकंदांत काढली जाते. पडदा ४० सेंमी रुंद असेल आणि दुसरी लाट ३०० मीटर जास्त फिरून आली असेल, तर सावली पाऊण सेंमी उजवीकडे पडते. कारण ३०० मीटर म्हणजे बरोबर १ मायक्रोसेकंद.

हीच गोष्ट डिजिटल सिग्नलला लावू. समजा माधवनगर स्टेशनाजवळ आपला रिसीव्हर आहे, ट्रान्समीटर सांगलीच्या बाजूला आहे आणि एखाद्या मोठ्या इमारतीवरून परतलेली लाट ३०० मीटर जास्त चालून येते. आपण सेकंदाला १० लाख सिम्बॉल पाठवतोय, म्हणजे एक सिम्बॉल १ मायक्रोसेकंदाचा. मग प्रत्येक सिम्बॉलवर आधीच्या सिम्बॉलची सावली पडणार. याला आंतर-सिम्बॉल व्यत्यय म्हणतात. इथे छतावर चढून अँटेना फिरवणारं कुणी नाही. ते काम रिसीव्हरमधला इक्वलायझर करतो, तेही सतत.

आधी कागदावर

थेट लाट १ आणि प्रतिध्वनी ०.५ असा चॅनल घ्या. त्याचा उलटा फिल्टर म्हणजे १, −०.५, ०.२५, −०.१२५ अशी न संपणारी मालिका. पहिले चारच टॅप ठेवले तरी उरलेली सावली फक्त ०.०६२५ असते. म्हणजे काम झालं.

आता प्रतिध्वनी ०.९५ करा. ११ टॅप घेतले तरी उरलेली सावली ०.५७! ती ०.०५ वर आणायला जवळजवळ ६० टॅप लागतात. शिवाय टॅपच्या वर्गांची बेरीज नॉइज किती पट वाढेल ते सांगते: पहिल्या चॅनलमध्ये १.३३ पट, दुसऱ्यात १० पटींहून जास्त. म्हणून सावली पूर्ण पुसायचा हट्ट नेहमी परवडत नाही. एलएमएस सावली आणि नॉइज मिळून होणारी सरासरी वर्ग-चूक कमी करतो, म्हणजे तडजोड स्वतःच शोधतो. टॅप किती घ्यायचे हे ठरवताना 'चॅनल किती लांब' एवढंच बघू नका, 'उलटा चॅनल किती लांब' हे बघा.

डिले विसरू नका

प्रतिध्वनी थेट लाटेपेक्षा जोरदार असेल, उदा. थेट ०.५ आणि प्रतिध्वनी १, तर उलटी मालिका २, −४, ८, −१६ अशी फुगत जाते. उपाय असा की, फिल्टरने उत्तर लगेच द्यायचं नाही, काही सिम्बॉल थांबून द्यायचं. कोणती लाट जोरात येणार ते आधी माहीत नसतं, म्हणून निम्म्या टॅपइतका डिले घ्या, मधला टॅप १ आणि बाकीचे शून्य ठेवून सुरुवात करा. ट्रेनिंगचा क्रमही तेवढाच मागे सरकवायला हवा, नाहीतर फिल्टर भलत्याच सिम्बॉलशी तुलना करत बसतो आणि चूक कधीच उतरत नाही.

म्यूचा हिशोब

विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये मांडलेला एलएमएस एका ओळीत मावतो:

नवा टॅप = जुना टॅप + म्यू × चूक × त्या टॅपवरचा नमुना

म्यूची ढोबळ वरची मर्यादा: २ भागिले (टॅपची संख्या × इनपुटची पॉवर). आपल्या पहिल्या चॅनलमध्ये सिम्बॉल +१ किंवा −१ असतील तर पॉवर १.२५, टॅप ११. मर्यादा साधारण ०.१४५ येते. तिच्या दहाव्या भागापासून, म्हणजे ०.०१५ पासून सुरू करा. तेव्हा किमान चुकीच्या वर सुमारे १० टक्के जास्तीची चूक राहते. म्यू निम्मा केला की ती निम्मी होते, पण शिकायला दुप्पट वेळ लागतो. फुकट काहीच नाही.

किती वेळ? या चॅनलच्या स्पेक्ट्रमची पॉवर ०.२५ ते २.२५ च्या दरम्यान आहे. सगळ्यात अशक्त भाग शिकायचा टाइम कॉन्स्टंट सुमारे १३० सिम्बॉल, म्हणजे नीट बसायला पाच-सहाशे सिम्बॉल. ०.९५ च्या चॅनलमध्ये हेच गुणोत्तर ९ वरून दीड हजारावर जातं, मग एलएमएस रांगत राहतो.

आता टूजी मोबाइलकडे बघा. जीएसएमच्या एका बर्स्टमध्ये ट्रेनिंगचे बिट असतात फक्त २६. एवढ्यात एलएमएस काय शिकणार? म्हणून तिथे रिसीव्हर सहसा त्या २६ बिटांवरून चॅनलचा अंदाज काढतात आणि व्हिटर्बी पद्धतीने सगळ्यात शक्य बिटक्रम शोधतात. अल्गोरिदम आवडीवर ठरत नाही, ट्रेनिंग किती मिळतंय त्यावर ठरतो.

ट्रेनिंग संपल्यावर

बेल लॅब्जमधल्या लकी यांनी १९६५ च्या सुमारास टेलिफोन लाइनसाठी स्वतः जुळवून घेणारा इक्वलायझर दाखवला. डायल-अप मोडेमचा तो खरखराट आठवतो? त्याचा काही भाग म्हणजे हेच ट्रेनिंग. ते संपलं की रिसीव्हर स्वतःचेच निर्णय बरोबर मानून शिकत राहतो. दहात एकापेक्षा जास्त निर्णय चुकत असतील तर हा बदल करू नका. चुकीवर चूक शिकली जाते. ट्रेनिंगच नसेल तर गोडार्ड यांची १९८० ची पद्धत आहे. ती सिम्बॉल न ओळखता फक्त त्याची लांबी ठरावीक ठेवायला बघते. फेज मात्र नंतर वेगळी सुधारावी लागते.

निकाल मांडण्याआधी

उतरत जाणारा चुकीचा आलेख दिसला की थीसिसमध्ये टाकायचा मोह होतो. पण तो आलेख ट्रेनिंगच्या डेटावरचा आहे. गाईड किंवा परीक्षक विचारणार ते वेगळंच: न पाहिलेल्या डेटावर बिट किती चुकले? म्हणून इतकं कराच:

१. आधी नॉइज शून्य ठेवून चालवा. टॅप कागदावरच्या उत्तराजवळ येत नसतील तर कोडमध्ये चूक आहे.
२. कॅरिअरची फ्रीक्वेन्सी आधी जुळवा. नाहीतर टॅप गोल फिरत राहतात आणि दोष म्यूला जातो.
३. एकाच रनवर विश्वास ठेवू नका, निदान शंभर रनची सरासरी घ्या.
४. इक्वलायझरशिवाय येणारा बिट एरर रेट त्याच आलेखावर दाखवा.

कुणी म्हणेल, फोरजीत प्रत्येक सबकॅरिअरला एकच टॅप पुरतो, मग हे कशाला? कारण फायबरमधला कोहेरंट रिसीव्हर, पाण्याखालचा मोडेम आणि हार्ड डिस्क यांना अजूनही बरेच टॅप लागतात. पुढच्या लेखात हाच ०.९५ चा हट्टी चॅनल घेऊन आरएलएस आणि डिसिजन फीडबॅक लावून बघू. तोपर्यंत वरचे आकडे तुमच्या कोडमधून येतात का ते तपासा.