छातीतल्या प्लुटोनियमचा माग

ट्रॉम्बेला प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखाना १९६४ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून एक प्रश्न तिथल्या आरोग्यतज्ज्ञांच्या मागे लागला. कामगाराच्या श्वासातून ही धूळ आत गेलीच, तर ती बाहेरून मोजायची कशी?

प्लुटोनियमचे अल्फा कण शरीराबाहेर येतच नाहीत. बाहेर येतात ते १३ ते २० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे क्षीण क्ष-किरण. सुमारे ६ मिलिमीटर मांसात ते निम्मे विरतात. छातीची भिंत २४ मिलिमीटर धरली, तर चारदा निम्मे होऊन सोळावा हिस्सा उरतो. अंगाने भरलेल्या माणसात आणखी ६ मिलिमीटर थर असेल, तर त्याचाही अर्धा. म्हणजे यंत्रावर आकडा तोच, पण फुप्फुसातली धूळ दुप्पट! म्हणून आधी सोनोग्राफीने छातीच्या भिंतीची जाडी मोजतात.

यावर उपाय म्हणून प्लुटोनियमच्या सोबत्याचा माग घेतात. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य साधारण १४ वर्षे. त्यातून अमेरिशियम-२४१ तयार होते. त्याचे ५९.५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरण निम्मे व्हायला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास मांस लागते. अमेरिशियम मोजायचे आणि दोघांचे प्रमाण ठाऊक असेल तर प्लुटोनियमचा हिशेब काढायचा.

पण आपले शरीर मुळातच गप्प नसते. प्रौढ माणसाच्या अंगातल्या पोटॅशियम-४० चे दर सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटतात. त्या गलबल्यातून नेमका ५९.५ चा सूर निवडायला जर्मेनियमचा स्फटिक कामी येतो. जुन्या जोडस्फटिकांच्या शोधकात जवळजवळच्या ऊर्जा एकमेकींत मिसळत. जर्मेनियम त्या सुट्या दाखवते. मात्र त्याला द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागते. बाहेरचा किरणोत्सार अडवायला माणसाला जाड पोलादी भिंतींच्या खोलीत झोपवतात.

एवढे करूनही मर्यादा उरतेच. अमेरिशियम काही बेक्वेरेलपर्यंत सापडते. थेट प्लुटोनियमची मर्यादा त्याच्या शेकडो पट ढोबळ असते. म्हणून अहवालातल्या ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘मर्यादेच्या वर नाही’ एवढाच घ्यायचा, आणि सोबत लघवीची व शौचाची तपासणीही करायची. कामगाराला नुसता निकाल न देता ही मर्यादाही सांगितली, तरच त्या मोजणीला अर्थ आहे.