बेने इस्राएलांच्या चुलीवरचें मटण

युरोपांतील ज्यू घरांत सणावारीं गोमांसाचा छातीकडील भाग कांद्याबरोबर तीनचार तास मंद आंचेवर शिजविण्याची जुनी चाल आहे. हा पदार्थ आपल्या घरीं कसा करावा, असें कोणी विचारल्यास त्यास प्रथम आपल्याच प्रांताकडे पाहावयास सांगावेंसें वाटतें. पुण्याहून मुळशीस जावें, पुढें ताम्हिणीचा घाट उतरून माणगांव गांठावें, म्हणजे आपण पूर्वीच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांत येतों. याच जिल्ह्यांत पेण, रोहें, अलिबाग या बाजूस मराठी बोलणारा बेने इस्राएल हा ज्यू समाज शतकानुशतकें राहिला. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ असें नांव पडलें. पुण्यांत रास्ता पेठेंत त्यांचें १९२१ सालचें प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. परंतु त्यांच्या स्वयंपाकांत वरील पदार्थाचें मर्म अगदीं मराठी रूपांत आढळतें.

हें मर्म धर्मनियमांत आहे. पहिला नियम असा, कीं मांस आणि दूध एकत्र शिजवावयाचें नाहीं व एकत्र खावयाचेंहि नाहीं. तूप, लोणी, दहीं हीं ओघानेंच गेलीं. मग रश्श्यास दाटपणा कशानें आणावयाचा? युरोपांत तें काम कांद्यानें केलें; कोंकणांत नारळाच्या दुधानें केलें. दुसरा नियम रक्त वर्ज्य करण्याचा. त्यासाठीं मांस अर्धा तास पाण्यांत भिजवितात, जाड मीठ लावून तासभर निथळत ठेवतात व नंतर तीन वेळां धुतात. शिवाय मांडीतील एक शीर निषिद्ध असून ती काढणें किचकट असल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं जनावराचा पुढचाच भाग वापरतात. छातीच्या मांसास महत्त्व आलें याचें हें एक कारण होय. तिसरा नियम शब्बाथाचा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवावयाचा नाहीं. अर्थात् जें अन्न मंद निखाऱ्यावर तासन् तास राहून बिघडत नाहीं, उलट सुधारतें, त्यास ज्यू घरांत मान मिळाला.

छातीचें मांस असेंच सुधारणारें आहे. त्या भागास सतत श्रम पडत असल्यानें त्यांत चिवट तंतुजाल पुष्कळ असतें. तें ओलसर उष्णतेंत हळूहळू विरघळून रश्श्यास चिकट, मऊ करतें. या क्रियेस वेळ हवा, मोठी आंच नको. खळखळून उकळल्यास मांसाचे धागे आवळून रस बाहेर पडतो व मांस कोरडें होतें.

महाराष्ट्रांत गाईप्रमाणेंच बैल व वळू यांच्याहि वधास २०१५ पासून बंदी आहे. पुष्कळ जुन्या बेने इस्राएल घरांत गोमांस मुळींच नसे. बोकडाचेंच मटण असे. आपणहि तेंच घ्यावें. खाटकाकडून सीना व खांदा यांचे मोठे, हाडासकट तुकडे एक किलो आणावेत आणि वरीलप्रमाणें मीठ लावून धुवावेत. जाड बुडाच्या पातेल्यांत तेल तापवून तुकडे चोहोंकडून तांबूस परतून काढावेत. त्याच तेलांत चार मोठे कांदे उभे चिरून, लाल होईपर्यंत सावकाश परतावेत. आलें-लसूण, हळद, धने व लाल तिखट घालावें. एका नारळाचें पहिलें दाट दूध बाजूस ठेवून दुसरें पातळ दूध पातेल्यांत ओतावें. तुकडे अर्धे बुडाले म्हणजे पुरे. झांकणाच्या कडेस कणकेची वळी लावून वाफ कोंडावी आणि अडीच ते तीन तास अगदीं मंद आंचेवर ठेवावें. शेवटीं दाट दूध घालून एक वाफ आणावी. उकळूं दिल्यास तें फुटतें. मिठाची चव याच वेळीं पाहावी, कारण मटणांत आधींच कांहीं मीठ उतरलेलें असतें. दुसऱ्या दिवशीं हा पदार्थ अधिक रुचकर लागतो. थिजलेली चरबीहि वरून सहज काढतां येते.

एवढी काळजी घेऊनहि एक गोष्ट लक्षांत ठेवावी. धर्मनिष्ठ ज्यू पाहुण्यास केवळ कृति बरोबर असून चालत नाहीं. जनावर त्यांच्या विधीप्रमाणें जाणत्या माणसानें कापलेलें असावें लागतें आणि पातेलें दुधातुपास न लागलेलें असावें लागतें. अशा पाहुण्यास बोलावणें असेल तेव्हां भांडें चुलीवर चढविण्यापूर्वीं त्यासच विचारावें. हें विचारणें हा त्याच्या पाहुणचाराचा पहिला भाग आहे.