जमिनीखालचा धातू यंत्राला कसा कळतो?



वाळूत खिळे लपवून चुंबकाने शोधायचे, हा उपक्रम आपण सगळेच घेतो. पण वाळूत तांब्याची तार टाकली की चुंबकाला ती सापडत नाही. मग मुलं हमखास विचारतात, "सर, मग मेटल डिटेक्टरला सोनं कसं सापडतं?"

यंत्राच्या खालच्या चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होऊन मातीत शिरतं. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे छोटे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. यंत्र तेच ओळखतं आणि आवाज देतं. म्हणजे धातू चुंबकाला चिकटायलाच हवा असं नाही, त्यातून वीज वाहिली की झालं. याचं मूळ तत्त्व मायकेल फॅरडे यांनी 1831 मध्ये शोधलं.

आता एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन आले. पण डॉक्टरांना गोळी उजव्या बाजूला असल्याची खात्री होती, म्हणून शोध तिथेच झाला. त्यात अंथरुणाखाली पोलादी स्प्रिंगा! यंत्राचे आवाज फसवे ठरले. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. गोळी निघाली डाव्या बाजूला.

यंत्र फक्त "इथे धातू आहे" एवढंच सांगतं. तो कोणता, कशाचा, हे माणसानेच तपासायचं असतं. आणि कुठे शोधायचं हे आधीच पक्कं ठरवलं, तर चांगलं यंत्रही उपयोगाचं नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक बनवला. 1942 मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात तो वापरला गेला. आजही अनेक देशांत सुरुंग काढणारे लोक असंच यंत्र घेऊन एकेक पाऊल टाकतात. बहुतेक वेळा निघतो खिळा नाहीतर डब्याचा पत्रा. तरी प्रत्येक आवाजाला सुरुंग समजूनच माती हळूहळू बाजूला करावी लागते.

म्हणून शेवटी मुलांना एवढं बजावून सांगा: शेतात, माळावर किंवा लष्कराच्या सरावाच्या जागेजवळ अनोळखी धातूची वस्तू दिसली, तर हात लावायचा नाही, भंगार म्हणून उचलायची नाही. लांब व्हायचं आणि मोठ्यांना सांगायचं. मोठ्यांनी लगेच पोलिसांना कळवायचं.