मंत्राचे ग्राह्य लक्ष्य : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळातील नियमांचे विवेचन

प्रस्तावना :
मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांचा आरंभ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापासून मानला जातो. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि ‘डंजन मास्टर’ म्हणजे सूत्रधार उर्वरित जगाचे वर्णन करून निवाडा देतो. पात्राने मंत्र उच्चारला की पहिला प्रश्न उद्भवतो : हा मंत्र कोणावर चालू शकतो? प्रस्तुत लेखात प्रामुख्याने २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

लक्ष्याचा वर्ग :
प्रत्येक मंत्राच्या वर्णनात लक्ष्याचा वर्ग सांगितलेला असतो. ‘मॅजिक मिसाइल’ सजीव प्राण्यावर चालतो, निर्जीव वस्तूवर नाही. ‘फायर बोल्ट’ दोहोंवर चालतो. ‘होल्ड पर्सन’ आणि ‘चार्म पर्सन’ केवळ मानवसदृश प्राण्यांसाठी आहेत. ‘फायरबॉल’साठी मात्र प्राणी निवडावा लागत नाही, १५० फुटांच्या आतील एक बिंदू निवडला की त्याभोवती २० फूट त्रिज्येत स्फोट होतो. न्यायदर्शनात वाक्यार्थबोधासाठी पदार्थांच्या परस्परसंबंधाची ‘योग्यता’ आवश्यक मानली आहे. अग्नीने सिंचन करणे हे तिच्या अभावाचे प्रसिद्ध उदाहरण होय. मंत्र आणि लक्ष्य यांच्यातही अशीच योग्यता अपेक्षित असते.

दृष्टी आणि मार्ग :
वर्ग जुळला तरी तेवढे पुरेसे नसते. अनेक मंत्रांत ‘तुम्हांला दिसणारा’ प्राणी अशी अट असते. त्यामुळे अदृश्य शत्रूवर ‘होल्ड पर्सन’ टाकता येत नाही. याशिवाय मंत्रकर्ता आणि लक्ष्य यांच्यात मोकळा मार्ग असावा लागतो. लक्ष्य पूर्ण आडोशामागे असल्यास ते ग्राह्य ठरत नाही. दिसणे आणि मार्ग मोकळा असणे या दोन भिन्न अटी आहेत, हे बंद काचेच्या खिडकीच्या उदाहरणावरून लक्षात येते. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लाइन ऑफ इफेक्ट’ ही स्वतंत्र संज्ञा होती. तिच्यानुसार घन अडथळा, पारदर्शक असला तरी, मंत्र अडवीत असे. २०१४ च्या आवृत्तीत पूर्ण आडोशाची व्याख्या लक्ष्य ‘पूर्णपणे झाकलेले’ असण्यावर बेतलेली असल्याने काचेविषयी दोन अर्थ संभवतात व निर्णय सूत्रधारावर येतो. याउलट ‘मिस्टी स्टेप’ या मंत्राचे लक्ष्य स्वतः मंत्रकर्ताच असल्याने त्याला खिडकीपलीकडच्या दिसणाऱ्या रिकाम्या जागी जाता येते.

अग्राह्य लक्ष्याचा परिणाम :
खरी अडचण मंत्रकर्त्याची समजूत चुकीची असते तेव्हा निर्माण होते. एखाद्या सरदारावर ‘चार्म पर्सन’ टाकला आणि तो वेषांतर केलेला व्हॅम्पायर निघाला, तर काय? व्हॅम्पायर मृतयोनी वर्गात मोडत असल्याने हा मंत्र त्याच्यावर चालत नाही. सूत्रधाराने ‘हे लक्ष्य चालणार नाही’ असे म्हटले तर सरदाराचे रहस्य तत्क्षणी उघड होते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘झानाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकाने यावर नियम दिला. त्यानुसार लक्ष्यावर परिणाम होत नाही, परंतु वापरलेला ‘स्पेल स्लॉट’, म्हणजे मंत्र टाकण्याची मर्यादित संधी, खर्ची पडतो. ‘सेव्हिंग थ्रो’ म्हणजे बचावाचा फासा यशस्वी झाल्यास जो मंत्र पूर्णतः निष्फळ ठरतो, त्या बाबतीत लक्ष्याने बचाव साधला असेच भासते. अन्य मंत्रांत मात्र काहीच घडले नाही हे मंत्रकर्त्याला कळते. अशा रीतीने व्हॅम्पायरचे रहस्य राखले जाते.

तथापि या नियमालाही मर्यादा आहेत. ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ या मंत्रास स्लॉट लागत नाही आणि बचावाचा फासाही नसतो. २०१४ च्या शब्दांनुसार तो फक्त प्राण्यांवर चालत असे. परिणामी पेटीचे रूप घेणारा ‘मिमिक’ ओळखण्यासाठी प्रत्येक पेटीवर तो टाकून पाहण्याची युक्ती शक्य होती : मंत्र लागू पडला तर ती पेटी नव्हे, प्राणी! येथे मंत्र हे शस्त्र न राहता नियमांच्या शब्दांतून माहिती काढण्याचे साधन बनते. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत या मंत्राच्या लक्ष्यांत वस्तूंचाही समावेश झाल्याने ही पळवाट बंद झाली.

निष्कर्ष :
लक्ष्यविषयक नियम वरवर तांत्रिक वाटले तरी ते दोन गोष्टींचे रक्षण करतात. पात्राला जे ठाऊक नाही ते खेळाडूला नियमांच्या आडून कळू नये, ही पहिली. आणि अजाणतेपणी झालेल्या चुकीची किंमत सर्वांना सारखीच मोजावी लागावी, ही दुसरी. म्हणून वर्ग, दृष्टी, मार्ग आणि परिणाम या क्रमाने विचार करणे सूत्रधारास उपयुक्त ठरते. जेथे शब्द संदिग्ध आहेत, तेथील अर्थ खेळ सुरू होण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावा. ऐन प्रसंगी दिलेला निर्णय योग्य असला तरी पक्षपाती वाटू शकतो, आणि सूत्रधारावरील विश्वास ढळला की मेजावरील कल्पित जग टिकत नाही.