नालंदा महाविहार कशावर जगला?

बिहारांत पाटण्याच्या आग्नेयेस सुमारें ९० किलोमीटरांवर बडगांव नांवाचें एक खेडें आहे. बख्तियारपूरहून राजगीरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नालंदा हें स्थानक लागतें. तेथून भाताचीं शेतें, ताडाचीं झाडें आणि जुनीं तळीं मागें टाकीत बडगांवाजवळ पोहोंचलें म्हणजे तांबड्या विटांच्या भिंतींची एक लांबच लांब रांग दृष्टीस पडते. प्राचीन भारतांतील अत्यंत प्रसिद्ध बौद्ध विद्यापीठाचे, नालंदा महाविहाराचे, हे अवशेष होत. राजगीरचीं ऊन पाण्याचीं कुंडें आणि गृध्रकूट पाहून परतणारे बहुतेक प्रवासी येथें तासभर थांबतात. १०,००० विद्यार्थी, नऊ मजल्यांचें ग्रंथालय आणि महिनोगणती जळत राहिलेल्या पोथ्या ह्या तीन गोष्टी वाटाड्याच्या तोंडून ऐकतात, हळहळतात, आणि सिलावचा खाजा बांधून घेऊन पुढच्या मार्गाला लागतात. ह्या गोष्टी सर्वस्वीं खोट्या नाहींत. परंतु त्यांच्या भव्यतेनें मन दिपून गेल्यामुळें एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो, आणि घरांतील गृहिणीला तोच सर्वांआधीं सुचेल: एवढ्या माणसांना सातशें वर्षें जेवूं कोण घालीत होतें?

प्रथम जागेची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. उत्खननांत मोकळा झालेला भाग उत्तर-दक्षिण पसरलेला असून मधून सुमारें ३० मीटर रुंदीचा रस्ता जातो. रस्त्याच्या पूर्वेस विहारांची ओळ, पश्चिमेस मंदिरांची. आजवर ११ विहार उघडकीस आले आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकांचे दरवाजे मंदिरांकडे तोंड करून आहेत. अजिंठा, नाशिक किंवा कान्हेरी येथील लेणीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांना विहाराची मांडणी ओळखीचीच वाटेल: मध्यें चौक, भोंवतीं ओसरी, ओसरीला लागून भिक्षूंच्या खोल्या आणि समोरच्या बाजूस मूर्तीचें देवघर. भेद एवढाच कीं, लेण्यांत चौकावर डोंगराचें छत असतें आणि येथें तो उघडा आहे. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. लेणें एकदां कोरलें कीं पिढ्यान् पिढ्या उभें राहतें. विटांची इमारत खचते, गळते, जळते, आणि पुन्हां पुन्हां बांधावी लागते. नालंदेच्या पहिल्या क्रमांकाच्या विहारांत एकावर एक असे नऊ थर सांपडले. म्हणजे जुन्याच्या पडझडीवर नवें बांधकाम एकदां नव्हे, अनेकदां झालें. दक्षिण टोंकाला असलेलें तिसऱ्या क्रमांकाचें प्रचंड मंदिर तर मुळांत एक लहानशी वास्तु होती. तिच्यावर एकामागून एक आच्छादनें चढत जाऊन, सात वेळां वाढून, तिला आजचा आकार आला आहे. त्याच्या कोपऱ्यांतील बुरुजांवर चुनेगच्चीच्या सुंदर मूर्ति आहेत, त्या पांचव्या वेळच्या होत.

खोल्यांत शिरून पाहणें विसरूं नये. कांहीं खोल्यांत निजण्याकरितां बांधलेले ओटे आहेत, भिंतींत दिव्यासाठीं आणि पोथ्यांसाठीं कोनाडे आहेत. चौकांत विहीर आहे, पाणी वाहून नेणारी बांधीव मोरी आहे, आणि सहाव्या विहाराच्या चौकांत तर चुलींच्या जोड्याच निघाल्या. ज्यांचें तत्त्वज्ञान जगताच्या मिथ्यात्वाचा ऊहापोह करी, त्यांच्या मोऱ्यांचा उतार मात्र अगदीं व्यवहारी आहे.

ह्या मुक्या भिंतींना वाचा आली ती दोन चिनी विद्यार्थ्यांमुळें. ह्युएनत्संग इसवी सन ६३७ च्या सुमारास नालंदेस आला आणि आचार्य शीलभद्र यांच्यापाशीं योगशास्त्र शिकला. मध्यंतरीं तो दक्षिणेंत उतरला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळचा महाराष्ट्रहि पाहून गेला. दुसरा इत्सिंग. तो ६७१ मध्यें समुद्रमार्गानें निघाला आणि नालंदेंत सुमारें दहा वर्षें राहिला. वाटाडे १०,००० चा आंकडा सांगतात तो ह्युएनत्संगाच्या शिष्यानें लिहिलेल्या चरित्रांतला आहे. खुद्द ह्युएनत्संग कांहीं हजार भिक्षु एवढेंच म्हणतो, आणि इत्सिंग ३,००० हून अधिक सांगतो. मोठ्या विहारांत तीसेक खोल्या भरतात. वरचे मजले हिशेबांत धरले तरी उघडकीस आलेल्या विहारांत १०,००० माणसें मावणें कठीण. पुष्कळ भाग अद्यापि जमिनीखालीं आहे हें खरें. तरीहि इत्सिंगाचाच आंकडा मनाला पटतो. त्यानें नालंदेची कीर्ति रतिमात्र कमी होत नाहीं. तीन हजार माणसांचें रोजचें जेवण हेंहि कांहीं लहान काम नव्हे.

तें जेवण कोठून येई, हें चरित्रकारानें स्पष्ट लिहून ठेवलें आहे. राजानें सुमारें १०० गांवांचा महसूल महाविहारास तोडून दिला होता, आणि त्या गांवांतील २०० कुटुंबें दररोज तांदूळ, लोणी आणि दूध पोंचवीत. पुढें इत्सिंगाच्या वेळीं अशा गांवांची संख्या २०० च्या वर गेली होती. विद्यार्थ्यांना अन्न, वस्त्र, अंथरूण आणि औषध ह्या चार गरजांसाठीं कोणापुढें हात पसरावा लागत नसे, आणि त्यांची विद्या पूर्णत्वास जाते ती ह्याचमुळें, असा त्या चरित्रकाराचा अभिप्राय आहे. ह्युएनत्संगासारख्या सन्मान्य पाहुण्याचा शिधा तर दररोज मोजून येई: १२० जांभीर फळें, २० सुपाऱ्या, २० जायफळें, थोडा कापूर आणि महाशाली जातीचे सुगंधी तांदूळ. हे तांदूळ केवळ राजाला आणि थोर पंडितांनाच मिळत. नालंदेच्या वस्तुसंग्रहालयांत उत्खननांत सांपडलेले जळून काळे पडलेले तांदूळ ठेवले आहेत. मूर्तींच्या दालनांत रेंगाळणारा प्रेक्षक त्यांच्यापुढें क्षणभरहि थांबत नाहीं.

अर्थात् फुकट जेवण आहे म्हणून कोणीहि येऊन बसावें, अशी सोय नव्हती. दाराशींच पंडित बसलेला असे, तो प्रश्न विचारी, आणि दहांपैकीं सात-आठ जण तेथूनच परत फिरत. आंत प्रवेश मिळाल्यावर दिवस घटकांनीं बांधलेला असे. इत्सिंगानें तेथील घटिकायंत्राचें वर्णन केलें आहे: पाण्यानें भरलेल्या भांड्यांत तळाला बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र सोडावयाचें, तें भरून बुडालें कीं नगारा वाजवावयाचा. लग्नघरांतील घंगाळांत तरंगणारें घटिकापात्र ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको. स्नानाची वेळ झाली कीं घंटा होई आणि भिक्षु तळ्यांकडे निघत. स्थानकापासून येतांना जीं तळीं लागतात, त्यांच्याकडे म्हणूनच जरा निरखून पाहावें.

गांवांच्या ह्या व्यवस्थेचा एक अस्सल कागद, म्हणजे तांब्याचा पत्रा, पहिल्या विहारांतच १९२१ सालीं हिरानंद शास्त्री यांना सांपडला. नवव्या शतकांतील पालवंशी राजा देवपाल याचा तो ताम्रपट आहे. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या सुमात्रा बाजूचा, राजा बालपुत्रदेव यानें नालंदेंत एक विहार बांधला आणि त्याच्या खर्चासाठीं गांवें द्यावीं अशी देवपालास विनंति केली. देवपालानें पांच गांवें दिलीं. चार राजगृहाच्या आणि एक गयेच्या विषयांतलें. दान कशाकशासाठीं, हें ताम्रपटांत नमूद आहे: बुद्धपूजा, भिक्षूंचें अन्नवस्त्र, शय्या, आजाऱ्यांचें औषध, धर्मग्रंथांच्या नकला आणि विहाराची डागडुजी. आजच्या एखाद्या शिक्षणसंस्थेचें अंदाजपत्रक वाचावें तशी ही यादी वाटते. विशेष हें कीं, नकला आणि डागडुजी हीं दोन कलमें त्यांत आहेत. ज्यानें हा मजकूर तयार केला, त्याला ताडपत्रें किडतात आणि छपरें गळतात हें पक्कें ठाऊक होतें.

आतां आगीचा प्रश्न. नालंदा बाराव्या शतकाच्या अखेरीस एकदां जळली आणि संपली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पालराजा महीपाल याच्या अकराव्या राज्यवर्षांतला एक शिलालेख नालंदेच्याच एका दरवाजाच्या चौकटीवर मिळाला आहे. तेल्हाड्याच्या बालादित्य नांवाच्या गृहस्थानें अग्नीनें दग्ध झालेल्या वास्तूचा जीर्णोद्धार केल्याचें त्यांत सांगितलें आहे. हा काळ त्या शेवटच्या संकटाच्या सुमारें दोनशें वर्षें आधींचा. म्हणजे नालंदा पूर्वींहि जळली होती, आणि जळल्यावर पुन्हां बांधली गेली होती. लाकडी तुळया, तेलाचे दिवे आणि ताडपत्रांचे गठ्ठे जेथें एकत्र नांदतात, तेथें आग ही अपूर्व घटना नव्हे. पाहावयाचें तें असें कीं, शेवटच्या वेळीं पुन्हां बांधणारें कोणी कां उरलें नाहीं.

इसवी सन १२०० च्या आसपास मुहंमद बख्तियार खिलजीनें मगधावर स्वाऱ्या केल्या. मिन्हाज नांवाच्या फार्सी इतिहासकारानें वर्णिलेला प्रसंग प्रसिद्ध आहे: एक तटबंदीचें ठिकाण हस्तगत झालें, तेथील मुंडण केलेले रहिवासी मारले गेले, पुष्कळ पुस्तकें सांपडलीं, पण तीं वाचून दाखविण्यास कोणी जिवंत नव्हतें. हें स्थळ बहुतेक विद्वानांच्या मतें नालंदा नसून तेथून जवळच असलेली ओदंतपुरी, म्हणजे आजचें बिहारशरीफ, होय. नालंदेवर घाला पडला नाहीं असा ह्याचा अर्थ नव्हे. तेथील वरच्या थरांतल्या जळक्या खुणा आणि पुढील काळची दुर्दशा पुरेशी बोलकी आहे. परंतु त्या आधींच पालांची सत्ता मावळली होती, आणि तत्पूर्वीं विक्रमशीला, ओदंतपुरी, सोमपूर अशीं नवीं विहारपीठें निघून राजाश्रयाची वांटणी झाली होती. स्वारीनंतर ज्या गांवांनीं तांदूळ पोंचवावयाचा तीं निराळ्या धन्याचीं झालीं.

हें सर्व किती खरें आहे, याचा साक्षीदार तिबेटांतून आला. धर्मस्वामी नांवाचा तिबेटी भिक्षु १२३४ ते १२३६ ह्या काळांत मगधांत होता. त्याच्या चरित्राची पोथी राहुल सांकृत्यायन यांना तिबेटांत मिळाली. जॉर्ज रोरिक यांनीं केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर पाटण्याच्या जयस्वाल संशोधन संस्थेनें १९५९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि त्यास विद्वत्तापूर्ण प्रस्तावना जोडली ती त्या संस्थेचे संचालक, मूळचे कोल्हापूरकडील, डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनीं. धर्मस्वामीनें पाहिलेल्या नालंदेंत बहुतेक विहार ओस होते. दोनच काय ते बऱ्या स्थितींत. तरीहि तेथें नव्वदी उलटलेले आचार्य राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवीत होते. त्यांचा पोटापाण्याचा भार ओदंतपुरीचा जयदेव नांवाचा एक ब्राह्मण गृहस्थ वाहत असे. शंभर गांवांच्या जागीं आतां मुख्यतः एक घर उरलें होतें.

त्या जयदेवाला तुर्की सैनिकांनीं अटकेंत ठेवलें. सैन्य नालंदेवर चालून येत आहे, गुरूंनीं पळून जावें, असा निरोप त्यानें आंतून धाडला. विद्यार्थी पांगले. ह्या वयांत कोठें जावयाचें, म्हणून आचार्य जागचे हलेनात, आणि धर्मस्वामी त्यांना टाकून जाईना. अखेर त्यानें गुरूंना पाठीवर घेतलें, थोडे तांदूळ आणि साखर बरोबर घेतली आणि नैर्ऋत्येकडील एका मंदिरांत दोघे लपून राहिले. तीनशें सैनिक आले, कोणी न सांपडल्यामुळें परत गेले. नंतर पाठ पुन्हां सुरू झाला. धर्मस्वामीनें आपलें अध्ययन पुरें केलें आणि मगच तो तिबेटाकडे वळला.

ग्रंथांपैकीं जें वांचलें तें असेंच कोणाच्या तरी पाठीवरून बाहेर गेलेलें. इत्सिंगानें सुमारें ४०० ग्रंथ जमविले होते. रामपालाच्या राज्यांत नालंदेंत नकललेली प्रज्ञापारमितेची एक सचित्र ताडपत्री पोथी आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहे. नालंदेंत मात्र ग्रंथालय नेमकें कोणत्या इमारतींत होतें हेंहि निश्चित दाखवितां येत नाहीं; नऊ मजल्यांचें वर्णन उत्तरकालीन तिबेटी परंपरेंतलें आहे.

पुढें नांवहि लोपलें. १८११-१२ च्या सुमारास बुकॅनन येथें आला तेव्हां त्याला बडगांव तेवढें दिसलें. ह्युएनत्संगाच्या वृत्तांताचीं फ्रेंच भाषांतरें निघाल्यावर त्यांतील अंतरें ताडून कनिंगहॅमनें १८६१-६२ मध्यें ही जागा ओळखली. पद्धतशीर उत्खनन १९१५ मध्यें सुरू झालें, आणि त्यांत निघालेल्या मातीच्या मुद्रांवर धर्मचक्र, दोन हरिणें आणि श्रीनालंदा महाविहाराच्या भिक्षुसंघाचें नांव वाचल्यावर शंका उरली नाहीं. २०१६ मध्यें ह्या अवशेषांची जागतिक वारशांत गणना झाली. तरी उघडा झालेला भाग थोडा आहे; उरलेला महाविहार बडगांव आणि आसपासच्या खेड्यांतील घरांखालीं, तळ्यांच्या कांठीं आणि भाताच्या खाचरांखालीं तसाच पडून आहे, आणि त्याच्यावर दर पावसाळ्यांत भाताची लावणी होते.