तापाची गोळी : माप पाळा, यकृत सांभाळा



फवारणीच्या वेळी पंपाला किती औषध टाकायचे, ते आपण मोजूनमापून टाकतो. माप चुकले तर पीक करपते, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. मात्र अंग ठणकले, ताप आला, की तापाची गोळी तेवढी अंदाजाने घेतली जाते. ही गोळी म्हणजे पॅरासिटामॉल. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो या नावांनी आपण ती ओळखतो. मापात घेतली तर भरवशाची; माप ओलांडले तर मात्र यकृत निकामी करू शकते.

मोठ्या माणसाने एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम घ्यावे. दोन वेळांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे. चोवीस तासांत ४,००० मिलिग्रॅम ही शेवटची हद्द : ५०० च्या आठ गोळ्या किंवा ६५० च्या सहा. ६५० च्या दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल, तर डॉक्टरांना विचारूनच माप ठरवावे.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. सर्दीची एक, तापाची एक असे करता करता माप दुप्पट होते. म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

लहान मुलांचे माप वयावर नव्हे, वजनावर धरावे : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसात फार तर चार वेळा. बारा किलोच्या मुलाला १२५ च्या सिरपचे ५ मिली पुरते. २५० चे सिरप असेल तर अडीच मिलीच. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचे माप वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थेट दवाखाना गाठा.

जादा गोळ्या पोटात गेल्या तरी पहिला दिवस माणूस धडधाकट दिसतो, नि तिथेच घात होतो. वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि पाकीट सोबत न्या. यावर उतारा आहे. पहिल्या आठ तासांत दिला तर तो उत्तम लागू पडतो.

फडात उन्हातान्हात राबणाऱ्या तोडणी मजुरांनाही हे सांगा. अंगातले पाणी आटलेले असताना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते. डेंग्यूची शंका असेल तर त्या गोळ्या आणि ॲस्पिरिन नकोच. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गोळीने ताप उतरतो, रोग जात नाही. ताप तीन दिवस राहिला, किंवा डोळे पिवळे झाले, तर अंगावर काढू नका. उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस उसाच्या रानातूनही लागतो. डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगा.

उसाच्या वजनात आपण किलोचीही चूक चालू देत नाही. तोच काटेकोरपणा घरच्या माणसांच्या औषधातही दाखवू या.